समासातली पेन्सिल

६ जानेवारी १९७२, गुरु.
पुण्याहून गठ्ठा. दोरी सोडवण्याइतका धीर नव्हता, दातांनी तोडली. आई म्हणाली, "बाई म्हनवतीस आन् उंदरासारखी कुरतडतीस."
रुंद कागद, दोन्ही कडांना भोकं, एकाला एक जोडलेले. उलगडत गेले तर स्वयंपाकघरापासून थेट दारापर्यंत. दिवाळीआधीच्या चाचणीतल्या माझ्या चाळीस प्रश्नांचं यंत्राने केलेलं शवविच्छेदन. हुशार मुलींपैकी किती जणींनी कुठला पर्याय धरला, कच्च्यांपैकी किती जणींनी. मराठी अक्षर एकही नाही. यंत्राला येत नाही म्हणे. आमच्या शाळेत नोकरी मिळायला हरकत नाही.
समासात नलीची पेन्सिल: "प्र. १४, पर्याय ३ कुणाची करणी? मीही फसले. दाद."
चुकीच्या उत्तराला दाद. वीस वर्षं बरोबर उत्तरं शिकवतेय, त्याला कुणी दिली नाही.

९ जानेवारी, रवि.
उपासनेत लक्ष नव्हतं. पाळकसाहेब वाळवंटातल्या चाळीस वर्षांवर बोलत होते, मी माझी मोजत होते.
नली देसाई आणि मी, शिक्षिका व्हायचं बी. टी.चं वर्ष, पुण्याच्या वसतिगृहात एक खोली. एक खिडकी, खाली बुचाचं झाड. तिचं गणित, माझं मराठी. वाक्य मी सुरू करायचं, तिने मध्येच हसायचं, म्हणजे पुरं करायचं कारण उरायचं नाही. वर्ष संपलं, मी नगरला आले आईजवळ, "तात्पुरती". ती आता चाचण्या तपासणाऱ्या तिथल्या संस्थेत, यंत्राच्या खोलीची प्रमुख. खोली थंड ठेवावी लागते, यंत्राला गारवा आणि बायकांना शाली.
नगर–पुणे पंच्याहत्तर मैल. एस.टी.ला साडेतीन तास. मला वीस वर्षं.
तर आता जागा निघाली आहे. जूनपासून दोन वर्षं पुण्यात, त्याच संस्थेत, प्रश्न रचायला. जिल्ह्यातून एकच. सातवीच्या मोठ्या चाचणीवरून ठरणार. नलीने गठ्ठ्यातच चिठ्ठी घातली होती: "ये. इथे माझं अर्धं वाक्य कुणाला कळत नाही."
चिठ्ठी बायबलात ठेवली. मग काढून पर्समध्ये.

१४ जानेवारी, शुक्र.
संक्रांत, म्हणून समितीच्या सभेत तिळगूळ. जिल्ह्याची प्रश्न-समिती म्हणजे तीन माणसं: मी, संगमनेरचे कुलकर्णी सर, अध्यक्ष आमचेच मु.अ., ज्यांचं निम्मं लक्ष सावेडीतल्या प्लॉटवर. बंगल्याचा नकाशा आणि प्रश्नपत्रिका एकाच फायलीत.
कुलकर्ण्यांना काहीही विचारा, चौथा पर्याय "वरील सर्व". त्यांचा मोक्षावर विश्वास असावा.
उत्तरपत्रिकेवरची सूचना त्यांनी लिहून आणलेली: "विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रश्नाच्या चार पर्यायांपैकी आपणांस जो पर्याय योग्य वाटेल त्या योग्य पर्यायाच्या क्रमांकाभोवती पेन्सिलीने सुबक गोल करावा." मी म्हटलं, सर, ही सूचना की गाथा? कापली. उरलं: "चारही पर्याय नीट वाचा. विचार करून गोल करा."
कुलकर्णी: "बाई, गोल कशाला करायचा ते नको का यायला?"
मी: "योग्य उत्तराला नाही तर काय अयोग्याला करतील?"
मु.अ. इतके हसले की तिळगूळ घशात अडकला. मंजूर.
आणखी एक नियम माझाच: पर्यवेक्षकाने छापील सूचनेपलीकडे अवाक्षर बोलू नये. नाहीतर आमचे शिक्षक समजावून सांगता सांगता उत्तरच सांगतात.
आज स्वतःवर खूश. तारीख लिहून ठेवते, क्वचित येते.

२९ जाने., शनि.
बारा शाळांत चाचणी पार पडली. उत्तरपत्रिका पुण्याला रवाना. तिथे मुली कार्डांना भोकं पाडणार, कार्डं यंत्रात जाणार. शाळेच्या खिडक्यांना युद्धातले काळे कागद अजून तसेच. शिपाई म्हणतो, वर्गात बरा अंधार पडतो, पोरी पेंगतात, गडबड नसते.
आई फडताळात पुण्याचे कागद अंथरते आहे. "चांगला जाड हाय गं कागद, डब्याचा डाग उतरत न्हाई." म्हटलं, नलीचं लिहिलेलं वर ठेव. तिने खरंच तसं अंथरलं. आता डाळीचा डबा उचलला की नली दिसते.

१९ फेब्रु., शनि.
निकाल. माझे प्रश्न झकास. हुशार आणि कच्चे यांना चाळणीसारखे वेगळे करतात. प्र. ९ आणि २२ पुढे नलीचं "वा". कुलकर्ण्यांचे आठ प्रश्न होते, पाच बाद.
सगळ्यात गंमत वाडीची. वाडी म्हणजे घोडेगावच्या पुढे तीन मैल चालत. चार भिंती आणि एक लिंब. एकतीस मुलं. एकतिसांपैकी बहुतेकांची उत्तरं तंतोतंत सारखी: एक, एक, एक, मध्येच दोन, पुन्हा एक. तीन-चार असे आकडे वाडीपर्यंत पोचलेलेच नाहीत. गुण बहुतेकांना शून्य. डोळे मिटून गोल केले असते तरी चौथा हिस्सा आला असता!
समासात नली: "हे काय आहे? कळेना."
मला कळलं. एकाने चूक केली, तीस जणांनी भक्तिभावाने उतरवली. नेहमीच्या टोपणनावाने नगरच्या साप्ताहिकासाठी मजकूर लिहिला, एका बैठकीत. "एकमताचं गाव." घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात तपासतात, तिथल्या गुरुजींचे कुणी तपासत नाही, वगैरे. हात चालला तेव्हा थांबवला नाही.

२६ फेब्रु., शनि.
छापून आला. मु.अ.नी खोलीत वाचून दाखवला, लेखिका समोर बसली आहे हे ठाऊक असून नसल्यासारखं. वर म्हणाले, "शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतही वाचला. वाडीच्या गुरुजीकडून खुलासा मागवलाय. सामूहिक नक्कल. बदली तरी नक्की, जास्तही होईल."
मी म्हटलं, "हं."
पुण्याचं माझं जवळजवळ ठरल्यात जमा, असंही म्हणाले. घरी येईपर्यंत हे दुसरं वाक्यच ऐकू येत होतं. ट्रंक काढून पाहिली. कुलूप गंजलंय.

३ मार्च, शुक्र.
मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, कुणी गुरुजी आलेत वाडीचे. पन्नाशीचा माणूस, धोतर, कोट, टोपी, खांद्याला पिशवी. नाव भानुदास. वाडीहून पायी घोडेगाव, तिथून एस.टी. मी कोण, तो लेख कुणाचा, त्यांना काही ठाऊक नाही. समितीतली बाई, म्हणून आलेले. बसा म्हटलं तरी उभे.
"बाई, माज्या पोरांनी नक्कल केली न्हाई. मी सोता हुतो वर्गात."
"मग सगळ्यांची उत्तरं सारखी कशी, गुरुजी?"
"ते मला ठाव न्हाई. पन केली न्हाई. तुमी लिवलं हुतं बोलायचं न्हाई, तर मी शब्द बोललो न्हाई. पोरगी इचारत हुती, गुरुजी गोल कशाला? तिला म्हनलं, वाच आन् कर. दुसऱ्या शाळांत समदं समजावून दिलं म्हनं. आमी न्हाई दिलं. हुकूम म्हंजे हुकूम."
पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढला. "ह्या बघा. ह्या पोरांला काय येतं न् काय न्हाई, हितं हाय."
घेतल्या. म्हणजे ठेवून घ्याव्या लागल्या. चहा घ्या म्हटलं. "नगं. गाडी चुकल."
टोपी सारखी करून गेले. मी तासावर गेले आणि व्याजस्तुती अलंकार शिकवला.

त्याच दिवशी, संध्या.
वह्या चाळल्या. गणितं स्वच्छ, शुद्धलेखन आमच्या नगरच्या मुलींपेक्षा बरं. आणि लाल शाई. गुरुजींचा लाल गोल. चुकलेल्या आकड्याभोवती, चुकलेल्या शब्दाभोवती. फक्त चुकलेल्या. बरोबर असेल तिथे काही नाही. खूण नाही, शेरा नाही. शाई वाचवत असावेत.
आई भाकरी थापत होती. मी "अगं आई गं" म्हटलं तर तिला वाटलं विंचू चावला.
पाच वर्षं त्या मुलांनी पाहिलंय: गोल चुकीला करतात. मी लिहिलं, विचार करून गोल करा. त्यांनी विचार केला. प्रत्येक प्रश्नात चुकीचे तीन शोधले, तिघांना गोल केले, आणि बरोबर उत्तर गुरुजींसारखंच हात न लावता सोडून दिलं!
कार्डावर एका प्रश्नाला एकच भोक. पुण्याच्या मुलींनी पहिला गोल घेतला असणार. तसं असेल तर जिथे बरोबर उत्तर १, तिथे वाडीचा पहिला गोल २ वर. बाकी सगळीकडे १ वर.
फडताळातले डबे खाली काढले. उत्तरांची यादी घेऊन वाडीचा कागद ताडून पाहिला. बरोबर उत्तर १ असलेले दहा प्रश्न. त्या दहाच ठिकाणी वाडीचं उत्तर दोन. उरलेल्या तीस ठिकाणी एक.
त्या पोरांना सगळं येत होतं. अख्ख्या जिल्ह्यात इतकं कुणाला येत नव्हतं.
आई: "डबं कवा ठिवायचं परत?"

६ मार्च, सोम.
मु.अ.ना सांगितलं. नकाशावरून मान वर. नकाशाची घडी घातली. मग, "बाई, सूचना कुणी कापली ते तिघांनाच माहीत. कुलकर्णी साधा माणूस, बोलणार नाही. छापखान्यावर ढकला. 'योग्य उत्तराला' हे शब्द खिळे जुळवताना गळले. गुरुजी सुटतील, तुम्ही पुण्याला जाल. कुणाचं काय गेलं?"
दुष्ट माणूस नाही. माझं भलंच चिंतत होता. हेच कठीण.
खरं लिहिलं तर? एक ओळ धड लिहिता आली नाही, तिला दोन वर्षं ओळी लिहायला कोण नेईल.

७ मार्च
छापखान्याच्या माथी चुका असतातच. एक जास्त.
नलीचं ते हसणं. मध्येच.

८ मार्च, बुध.
आईला विचारलं नव्हतं, तरी बोलली. "मी हाय म्हनून थांबतीस का? मी काय लोनचं हाय मुरत ठिवायला? जा की."
म्हटलं, तुझ्यासाठी नाही थांबत.
"मग रातचं उठून ट्रंकेचं कुलूप का खाजवतीस?"
वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, आईमुळे राहिले. आईलाही सांगितलं असणार, न बोलता. नली त्या वर्षी म्हणाली होती, आईला घेऊन ये, दोन खोल्या बघू. मी म्हटलं होतं, बघू. इतकंच. बघू.
छापखान्याचा मजकूर लिहून पाहिला. भाषा उत्तम. "अनवधानाने." फार गुळगुळीत. कुलकर्ण्यांची गाथा बरी होती, तिच्यात खरं तरी होतं.

९ मार्च, गुरु.
तीन पत्रं लिहिली, दोन पेटीत टाकली. एक शिक्षणाधिकाऱ्यांना: सूचनेतले शब्द मी कापले, संगमनेरच्या सरांनी हरकत घेतली होती, मी ती थट्टेवारी नेली, नियम मोडला असेल तर बाकीच्या शाळांनी, पाळला फक्त वाडीच्या गुरुजींनी. तेच पुण्याच्या संस्थेला, सोबत दहा आणि तीस प्रश्नांचा ताळा. तिसरं साप्ताहिकाला, कचेरीत जाऊन दिलं, या वेळी खऱ्या नावाने. संपादक म्हणाले, "बाई, यात विनोद कुठेय?" म्हटलं, सहीत आहे.
पेटीत पत्र पडल्याचा आवाज येतो. मागे घ्यायचं म्हटलं तर हात जाईल एवढी फट नसते.

१८ मार्च, शनि.
नलीचं कार्ड. "उत्तरपत्रिका काढून पाहिल्या. प्रत्येक प्रश्नाला तीन गोल, सुबक. आमच्या मुलींना दिसले होते. विचारलं तर म्हणाल्या, भोक एकच पाडायला सांगितलं होतं. चूक तुझी एकटीची नाही, पण पत्र तुझं एकटीचं आहे. मूर्ख आहेस. ३० तारखेला इथे निवडीची बैठक. मी त्यात आहे, म्हणून पुढे काही लिहीत नाही."
शेवटचं वाक्य पुरं केलेलं. आमच्यात हे नवीन.
गुरुजींवरचा आरोप मागे घेतला. वाडीची चाचणी पुन्हा घ्यायची, शिल्लक चाळीस प्रश्नांवर. मी जाणार.

२४ मार्च, शुक्र.
वाडी. घोडेगावला उतरले तर बाजार भरलेला. गुरं, धूळ, टेम्पो. पाणी कुठे नाही. एका व्यापाऱ्याने विचारलं, "बाई, म्हस बघायची का?" तिथून पायी तीन मैल. वाटेत लेखातला बैलांच्या दातांचा विनोद आठवला. चालायला लागतं तेव्हा विनोद लांबलचक होतात.
गुरुजींना म्हटलं, तो पहिला लेखही माझा होता.
"ठाव हाय. दुसऱ्याखाली नाव हुतं. लिवनं वळखू येतं." मग फळा पुसता पुसता, "पहिला जास्त चांगला हुता वाचायला. पोरं हसली."
तुम्हीच सूचना लिहा म्हटलं. नको नको म्हणत त्यांनी फळ्यावर लिहिलं: "जे खरं आहे त्या एकाच आकड्याला गोल करा. बाकीच्यांना हात लावू नका." दोन ओळी. मला चार समित्यांत जमलं नसतं.
पुढच्या बाकावर एक मुलगी, काशी नाव. हात वर. "बाई, खऱ्याला गोल?"
"हो."
"मंग चुकलेल्याला काय?"
"काही नाही."
पटलं नाही तिला. चुकीला कुणी काहीच करायचं नाही, हे तिच्या शाळेत बसणारं नव्हतं. तरी केलं.
निघताना गुरुजी बांधापर्यंत आले. "बाई, तुमी पुन्याला जानार म्हनं."
म्हटलं, बघू.
तोंडून तोच शब्द.

२ एप्रिल, रवि.
पुनरुत्थानाचा रविवार. पांढरी साडी. आईचा आवाज गायनात सगळ्यांच्या वर. पुण्याची बैठक होऊन तीन दिवस झाले. टपाल आज नाही, उद्या.

५ एप्रिल
नाही.
कुलकर्णी सर भेटले, एस.टी. स्टँडवर. मी लिहिलेलं त्यांना दाखवलं होतं कुणीतरी. म्हणाले, "बाई, माझी हरकत कुणी लेखी नोंदवली, नोकरीत पहिल्यांदा." डोळ्यांत पाणी. या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल करतेय. पुण्याबद्दल त्यांनाही काही कळलेलं नाही. त्यांना जायचंही आहे. त्यांचा मुलगा तिकडे शिकतो.

८ एप्रिल, शनि.
गठ्ठा आला. या वेळी दोरी सोडवली. गाठ न् गाठ.
वाडीचा निकाल. एकतीस मुलं, एक, दोन, तीन, चार, सगळे आकडे पोचले. सरासरी नगरच्या आमच्या मुलींच्या वर. काशीचे अडतीस. चुकलेल्या दोहोंतला एक माझा लाडका प्रश्न आहे आणि विचार करता तिचंच खरं वाटतंय. गुरुजींना उद्याच कळवायचं.
कागद दारापर्यंत उलगडला. समास पाहिला. मग पुन्हा, डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, मागून. उन्हात धरून. पेन्सिल कुठेच नाही. "वा" नाही, "मूर्ख" नाही. सोबत चिठ्ठी नाही. दोरीच्या आतल्या वेष्टणावरही नाही.
आई म्हणाली, "ज्याला समोर बसून बोलायचं असतं, ते कशाला लिवतंय?"
आईने आयुष्यात माझ्या बाजूने काढलेला हा पहिला अर्थ. किंवा दुसरा: नली आता फक्त कामापुरतं लिहिणार, आणि कामापुरतं काही उरलेलं नाही.
दोन्ही पर्याय चांगले रचलेत. मलाही फरक करता येत नाही.
आईने फडताळासाठी उचलायच्या आधी कागद पुन्हा पाहिला. प्रत्येक प्रश्नापुढे चार रकाने, चार उत्तरांचे. मग पाचवा. कुणी काहीच खूण केली नाही, कोरं सोडलं, ते तिथे जातं. यंत्र त्याला बरोबर म्हणत नाही. चूकही म्हणत नाही. बाजूला ठेवतं. नलीचा कोरा समास तिथलाच.
ट्रंकेच्या कुलपाला तेल घातलं आहे. हा कागद फडताळात घालू नको, म्हटलं आईला. राहू दे वर.